लाल भुकटी आणि लोखंडी गोळा

गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीची पहिली आंघोळ आटोपून आम्ही फराळाला बसलो असताना आमच्या लातूरच्या घरात एक खटला उभा राहिला. आरोपी माझा चौदा वर्षांचा नातू, फिर्यादी त्याचा बाप, आणि न्यायाधीश मी. कारण चौतीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेल्या मास्तराला घरात एवढा एकच हुद्दा उरतो. आरोप असा, की दहावी तोंडावर आली असता हा मुलगा टॅबलेटवर ठोकळ्यांची घरे बांधीत बसतो. ज्या लातुरात परगावची मुले खोल्या भाड्याने घेऊन शिकवण्यांसाठी राहतात, तेथे घरच्याच मुलाने ठोकळे रचावेत, हे त्याच्या बापाला कसे सोसावे?

"काय करायलास रे?" मी विचारले.

"दार बांधलंय, आजोबा. दोन्ही खटके ओढल्याशिवाय उघडतच नाही. बघा तरी!"

निकाल देण्यापूर्वी मुद्देमाल पाहावा, म्हणून मी चष्मा लावला. त्या खेळाचे नाव माइनक्राफ्ट. मार्कुस पेर्सन नावाच्या स्वीडिश गृहस्थाने तो २००९ साली लोकांपुढे आणला. त्यात सारे जग चौकोनी ठोकळ्यांचे. माती, दगड, लाकूड खणून काढावे आणि मनाला येईल ते रचावे. २०१० साली त्यात 'रेडस्टोन' नावाचे एक लाल खनिज आले. त्याची भुकटी जमिनीवर रेघेसारखी पसरली की तिच्यातून विजेसारखा प्रवाह जातो. या भुकटीचीच एक मशाल होते, आणि तिचा स्वभाव मोठा तऱ्हेवाईक. ती ज्या ठोकळ्यावर टेकलेली, त्या ठोकळ्यात प्रवाह आला की ती विझते. प्रवाह गेला की पेटते. म्हणजे जे सांगाल त्याच्या नेमके उलट करणारी!

नातवाने अशा तीन मशाली वापरल्या होत्या. पहिल्या खटक्यावर एक, दुसऱ्यावर एक. त्या दोघींची भुकटी एकत्र करून तिसरीच्या ठोकळ्यात सोडलेली, आणि तिसरीच्या पुढ्यात लोखंडी दार. पहिल्या दोघींपैकी एक जरी पेटलेली असली तरी तिसरी विझलेली, आणि दार बंद. दोन्ही खटके ओढले की त्या दोघी विझतात, मग तिसरी पेटते, दार उघडते. 'नाही'ला पुन्हा 'नाही' म्हटले की 'हो' होते, हे व्याकरण मुलाने कुणी न शिकवता बांधून ठेवले होते. मी चकलीचा तुकडा हातातच धरून राहिलो.

वाचकहो, हे व्याकरण पुष्कळ जुने आहे. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली ग्रंथ लिहून दाखवले, की माणसाचे तर्कसुद्धा ० आणि १ या दोन चिन्हांच्या बीजगणितात मांडता येतात. बूलसाहेबांची पत्नी मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हेच एव्हरेस्ट १८१८ पासून निजामाच्या मुलखात विल्यम लँब्टन यांच्या हाताखाली भूमापन करीत होते. लँब्टन यांनी आपल्या मोजणीची एक पायारेषा १८१५ साली बिदरजवळ आखली होती. पुढे १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे देहावसान झाले. बिदर आमच्या उदगीरपासून कितीसे दूर? आपल्या काकांच्या मार्फत हिंदी विचार बूल यांच्यापर्यंत पोचला, असे मेरीबाईंनी पुढे लिहून ठेवले आहे. तो किती पोचला याचा निवाडा पंडितांनी करावा; या सोयरिकीचे मला कौतुक वाटते, इतकेच.

बूल यांचे गणित सुमारे ऐंशी वर्षे कागदावरच राहिले. त्याला तारा जोडल्या त्या अमेरिकेतील क्लॉड शॅनन या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने. विजेचे खटके एकापुढे एक जोडले तर 'आणि' होतो, शेजारी शेजारी जोडले तर 'किंवा' होतो, हे त्याने १९३७ सालच्या आपल्या प्रबंधात सिद्ध केले. त्याच वर्षी जॉर्ज स्टिबिट्झ या दुसऱ्या अमेरिकन गृहस्थाने घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर दोन रिले, बॅटरीचे दोन दिवे आणि तंबाखूच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेल्या पट्ट्या जोडून बेरजेचे यंत्र केले. किचनमध्ये जन्मले म्हणून त्याला 'मॉडेल के' असे नाव पडले. १९४१ साली बर्लिनमध्ये कोनराड त्सूझे यांनी दोन हजारांवर रिले वापरून आखल्याप्रमाणे आपोआप चालणारे गणकयंत्र उभे केले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली काही तरुणांनी हे काम हाती घेतले. त्यांपैकी कुणीही पूर्वी गणकयंत्र बांधलेले नव्हते. तरी सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड आणि १२,५०० रोधक यांचा तो संसार त्यांनी थाटला, आणि १९६० साली तो रीतसर कामाला लागला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले.

'आजोबा, आता बेरीज दाखवतो,' असे म्हणून नातवाने ३ आणि ५ साठी खटके ओढले. आठाचा दिवा काही लागेना. मुलाचा चेहरा पडला. बापाने माझ्याकडे अर्थपूर्ण पाहिले. पण मुलगा भुकटीच्या रेघेवर बोट फिरवीत ठोकळे मोजू लागला आणि ओरडला, "पंधराच्या पुढं गेलीय!" या खेळात प्रवाह पंधरा ठोकळे चालला की दमतो; पुढे जायचे तर वाटेत 'रिपीटर' ठेवून त्याला ताजा दम द्यावा लागतो. पूर्वी डाकेच्या टप्प्यावर दमलेला घोडा सोडून ताजा जोडीत, तसेच. तारायंत्रातील मंदावलेल्या प्रवाहाला नवा जोर देणाऱ्या साधनाला 'रिले' हे नाव मिळाले, ते या घोड्यांच्या टप्प्यावरूनच. रिपीटर बसला, आणि चार दिव्यांपैकी सर्वांत डावीकडचा एकटा पेटला. एक, शून्य, शून्य, शून्य: गणकयंत्राच्या भाषेत आठ.

आता न्यायाधीशाने आपलाच एक गुन्हा कबूल करावयाचा आहे. १९७८ साली मी नांदेड जिल्ह्यातील एका शाळेत होतो. नववीतल्या एका मुलाच्या दप्तरात मला फळकुटावर ठोकलेल्या तारा, डब्याच्या पत्र्याच्या पट्ट्या आणि टॉर्चचा दिवा सापडला. दोन खटक्यांपैकी कोणताही हलवला की दिवा लागे, दुसरा हलवला की विझे, जिन्यातल्या दिव्यासारखा. मी भूमितीचा तास घेत होतो. 'हे उद्योग बापाच्या घरी करायचे,' असे सांगून मी ते फळकूट सर्वांसमक्ष खिडकीबाहेर फेकले. मुलगा रडला नाही. पुढे त्याने वर्गात कधी प्रश्न मात्र विचारला नाही.

निवृत्तीनंतर वाचन वाढले, तेव्हा एके दिवशी स्टिबिट्झच्या पत्र्याच्या पट्ट्या माझ्यापुढे आल्या. दोन खटक्यांत एकच चालू असेल तर दिवा लागावा आणि दोन्ही चालू झाले तर विझावा, ही जिन्याच्या दिव्याची जोडणी म्हणजेच बेरजेतला एकंचा अंक. हातचा तेवढा निराळा काढायचा. म्हणजे मी खिडकीबाहेर फेकले ते अर्धे बेरीजयंत्र होते! गणिताच्या मास्तराला गणित ओळखता आले नाही, कारण ते वहीत नव्हते, फळकुटावर होते.

हे मी त्या सकाळी सर्वांसमोर सांगितले. मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "पण बाबा, परीक्षेत हे विचारीत नाहीत." त्याचे खोटे नव्हते. परीक्षा ओलांडल्यावाचून पुढची दारे उघडत नाहीत, हे लातुरात राहून मी कसे नाकारू? म्हणून निकाल असा दिला, की टॅबलेट जप्त होणार नाही. अभ्यास पुरा झाल्यावर रोज एक तास मिळेल, आणि जे बांधले ते का चालते, हे वहीत लिहून मला दाखवावे लागेल. दोन्ही पक्षांनी कुरकुरत निकाल मान्य केला. दोघेही कुरकुरले, तेव्हा तो बरोबर असावा.

मग मी नातवाला एक काम नेमून दिले. माझे वडील नांदेडच्या मीटरमापी मार्गावर एका लहान स्थानकात सांधेवाले होते. रूळ एकच. समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून लगतच्या दोन स्थानकांत तारेने जोडलेली दोन यंत्रे असत, आणि त्यांत लोखंडी गोळे. पलीकडच्या मास्तराची संमती मिळाली की एक गोळा निघे. तो वेताच्या कड्याला लावलेल्या पिशवीत घालून वडील चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देत. तो गोळा कोणत्या तरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दोन्हीकडून दुसरा निघत नसे. कित्येक कोसांवरचे यंत्र 'गोळा बाहेर आहे' हे ध्यानात ठेवी! वडिलांना बूल ठाऊक नव्हता. पण गोळा हाती असल्याखेरीज गाडी सोडायची नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शेकडो उतारू त्या 'आणि'च्या भरवशावर झोपून जात.

"पणजोबांचं यंत्र बांधून दाखव," मी म्हटले.

त्याला आठ दिवस लागले. पहिल्या खेपेस दोन्हीकडून गोळे निघाले आणि त्याच्या दोन्ही ठोकळागाड्या एकमेकींवर आदळल्या. तेव्हा त्याला कळले, की यंत्राला नुसता तर्क पुरत नाही, आठवणही लागते. मग त्याने दोन मशाली अशा समोरासमोर जोडल्या, की एक पेटली की दुसरी विझलेलीच राहावी आणि हात काढला तरी ती स्थिती टिकावी. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला हाक मारली. डाव्या स्थानकाचा गोळा काढला. उजवीकडचा खटका कितीही ओढला तरी यंत्र ढिम्म. त्याचा बापही मागे येऊन उभा राहिला होता. बराच वेळ पाहून त्याने विचारले, "आणि गोळा परत टाकला की?"

"टाका की, बाबा," नातू म्हणाला, आणि टॅबलेट त्याच्या हाती दिला.