चित्रकथांचे मेळे आणि पांगल्यानंतरचा आजार

न्यूयॉर्क शहरात २७ जुलै १९६४ रोजी बर्नी बबनिस नावाच्या एका किशोरवयीन मुलाने मित्रांच्या साहाय्याने चित्रकथांच्या वाचकांचा जो एक दिवसाचा मेळा भरविला, त्यास जमलेली माणसे शंभरसुद्धा नव्हती; परंतु त्या मोजक्या मंडळींत मार्व्हल प्रकाशनगृहात स्टॅन ली यांच्या सचिव असलेल्या फ्लो स्टाइनबर्ग होत्या, स्पायडरमॅनला रेखारूप देणारे एकांतप्रिय चित्रकार स्टीव्ह डिट्को होते, आणि पुढे कादंबरीकार म्हणून जगभर नाव मिळविणारा जॉर्ज मार्टिन हा पंधरा वर्षांचा मुलगाही होता. आज आपल्याकडेही ‘कॉमिक कॉन’ या नावाने जो प्रकार परिचित झाला आहे, त्याच्या आरंभकाळातली ही नोंद. त्याचे पूर्वज याहून जुने आहेत. १९३९ च्या जुलैत याच शहरी विज्ञानकथाप्रेमींचे पहिले जागतिक संमेलन भरले, आणि त्यात फॉरेस्ट अॅकरमन व मर्टल डग्लस ही दोघे भविष्यकाळातील माणसाचा पोशाख घालून वावरली. कल्पित पात्रांचा वेष घेऊन मेळ्यास जाण्याची चाल तेव्हापासूनची मानतात.

या प्रथेचा इतिहास तिच्या भक्तांनी मोठ्या आस्थेने जतन केला आहे. कोणत्या साली कोणते अतिथी आले, शिरगणती किती भरली, कोणत्या चित्रकाराचे मूळ रेखाटन किती डॉलरांस विकले गेले, याचे दप्तर तपशीलवार आहे. परंतु मेळ्याहून परतलेला माणूस दोन दिवसांनी अंथरुणास खिळला, तर ती गोष्ट कोणाच्याच वहीत रुजू होत नसे. तिकडच्या मंडळींनी त्या दुखण्याला ‘कॉन क्रड’ असे नाव दिले होते, ते एकमेकांना कौतुकाने सांगितलेही जाई, आणि मेळ्याच्या आनंदाचा कर म्हणून ते मुकाट्याने भरण्याची वहिवाट पडली होती. या मेळ्यांच्या इतिहासातील ही कोरी राहिलेली जागा मला त्यांच्या सर्व वैभवाइतकीच विचारणीय वाटते.

माणसे अंगात कणकण असतानाही तेथे का जात, हे समजण्यास थोडे मागे गेले पाहिजे. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांच्या हातून चित्रकथांच्या अंकांची होळी करविण्यात आली होती. १९५४ साली फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाने या अंकांमुळे मुले बिघडतात असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला, अमेरिकन सिनेटच्या एका उपसमितीने न्यूयॉर्कमध्ये जबान्या घेतल्या, आणि प्रकाशकांनी भीतीने स्वतःवरच एक कडक आचारसंहिता लादून घेतली. अशा वातावरणात वाढलेला वाचक आपली आवड घरच्यांपासून आणि शाळेपासून लपवीत असे, आणि आपल्यासारखे आणखी कोणी असेल हेही त्यास ठाऊक नसे. पुढे ज्युलियस श्वॉर्ट्झ या संपादकाने वाचकांच्या पत्रांखाली त्यांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली, तेव्हा हे विखुरलेले एकाकी जीव परस्परांस पत्रे लिहू लागले. १९६१ मध्ये जेरी बेल्स यांनी ‘आल्टर ईगो’ हे हौशी नियतकालिक काढले, आणि पत्रांतून जुळलेल्या ओळखींना प्रत्यक्ष भेटीची ओढ लागली. वर्षभर ज्या भेटीची वाट पाहिली, ज्यासाठी पैसा पैसा साठविला, ती भेट घसा खवखवतो म्हणून कोण चुकविणार? या माणसांना बेपर्वा म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या हाती सारासार विचार होता. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यात उभ्या वर्षाचे एकटेपण होते.

मेळ्यांची जागा आणि त्यांचा आजार यांचा संबंध मात्र मंडळींच्या ध्यानात फार उशिरा आला. कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे शेल डॉर्फ आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी २१ मार्च १९७० रोजी यू. एस. ग्रँट या हॉटेलात एक दिवसाचा मेळा चाचणीदाखल भरविला आणि त्याच ऑगस्टात तीन दिवसांचे संमेलन केले, ज्यास जॅक कर्बी व रे ब्रॅडबरी आले होते आणि सुमारे तीनशे लोक जमले होते. पुढील बहुतेक दशक हे संमेलन एल कोर्टेझ नामक हॉटेलाच्या आश्रयाने वाढले. हॉटेलातला मेळा म्हणजे दिवसभर विक्रेत्यांच्या दालनात खांद्याला खांदा, सायंकाळी परिसंवाद, मध्यरात्रीपर्यंत चित्रपट, आणि त्यानंतर खर्च वाचावा म्हणून दोघांच्या खोलीत पाच-सहा जणांनी जमिनीवर पथारी पसरून काढलेली रात्र. झोप नाही, जेवणाचा ठिकाणा नाही, खिडक्या बंद, आणि जुने अंक चाळणारे शेकडो हात तेच ते कागद हाताळीत आहेत. जुन्या जाणत्यांनी नवख्यांसाठी जो नियम घालून दिला, तो या परिस्थितीतूनच आलेला आहे: दररोज निदान ५ तास झोप, २ वेळा जेवण आणि १ स्नान. नियम साधा होता आणि हिताचाही होता. पण त्याने सगळी जबाबदारी येणाऱ्यावर टाकली, जागेबद्दल तो एक अक्षर बोलत नव्हता.

जागेबद्दल बोलण्यास जगाला भाग पाडले ते एका वेगळ्याच संमेलनाने. जुलै १९७६ च्या २१ ते २४ या तारखांना फिलाडेल्फियातील बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड या भव्य हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे पेनसिल्व्हेनिया राज्याचे अधिवेशन भरले. चार दिवस उत्तम पार पडले, मंडळी आपापल्या गावी रवाना झाली, आणि मग निरनिराळ्या गावांतून न्यूमोनियासारख्या ज्वराने माणसे दगावू लागली. प्रत्येक गावच्या डॉक्टरापुढे एखाददुसराच रोगी असल्याने हे सारे मृत्यू एकाच छपराखाली सुरू झाले आहेत हे ऑगस्ट उजाडेपर्यंत कोणास उमगले नाही. एकंदर २२१ लोक आजारी पडले व ३४ मरण पावले. त्यांत अधिवेशनास न आलेले, केवळ हॉटेलाच्या आसपास वावरलेले काही जणही होते. प्रथम संशय फ्लूवर गेला, मग विषावर. अखेर जोसेफ मॅक्डेड या शास्त्रज्ञाने शोधलेला जिवाणू जानेवारी १९७७ मध्ये जाहीर झाला. हा जिवाणू माणसाकडून माणसाकडे जात नाही. पाण्यात वाढतो आणि वातानुकूलनाच्या यंत्रणेतील तुषारांवाटे श्वासात शिरतो. दोष गर्दीचा नव्हता, गर्दी ज्या इमारतीत उतरली होती तिच्या हवा-पाण्याचा होता. तोपर्यंत त्या नामांकित हॉटेलाला टाळे लागले होते.

फिलाडेल्फियाचा मामला चित्रकथांचा नव्हता, तरी तो येथे सांगितला, कारण मेळ्याच्या आजाराचे मर्म त्यात उघडे पडते. रोगबीज शरीरात शिरणे आणि रोग प्रकट होणे यांत काही काळ जातो; फ्लूच्या बाबतीत बहुधा दोन दिवस, कधी चार. तीन दिवसांचा मेळा आटोपून माणूस घरी पोहोचतो आणि मग त्यास थंडी वाजू लागते. मेळा पांगलेला असतो आणि रोग पांगलेल्या मेळ्याच्या पत्त्यांवर निघालेला असतो. आपल्या देशाने हे फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. पंढरपूर, हरिद्वार यांसारख्या क्षेत्रांच्या यात्रांतून परतणाऱ्या लोकांबरोबर पटकी गावोगाव पोहोचे, १८६६ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भारतातील यात्रांचा विषय निघाला, आणि पुढे यात्रेकरूंना लस टोचण्याची, क्षेत्रांच्या ठिकाणी पाणी व स्वच्छता यांचा बंदोबस्त ठेवण्याची सरकारी तजवीज झाली. तेथे निदान सरकारला या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. चित्रकथांच्या मेळ्यातला खोकला मारक नव्हता, म्हणून त्याची दखल घेणारे खाते निघाले नाही.

जपानात हाच उपक्रम निराळ्या वळणाने वाढला. २१ डिसेंबर १९७५ रोजी टोकियोत पहिले ‘कॉमिकेट’ भरले, तेव्हा स्वतःची पुस्तके विकणारे ३२ गट होते आणि सुमारे ७०० लोक आले होते. पुढे अनेक वर्षे या मेळ्याचे धुरीणत्व योशिहिरो योनेझावा यांच्याकडे राहिले. १९९६ पासून तो टोकियो बिग साइट या प्रचंड प्रदर्शनगृहात भरतो, आणि २०१३ च्या उन्हाळ्यात तीन दिवसांची शिरगणती ५,९०,००० झाली होती. त्या ऑगस्टात दालनाच्या छताखाली माणसांच्या घामाच्या वाफेचा ढग तरंगताना दिसल्याचे सांगतात. हिवाळी मेळा डिसेंबरअखेरीस, ऐन फ्लूच्या हंगामात येतो. एवढ्या समुदायाचा निभाव लागतो त्याचे एक कारण मला त्यांच्या तत्त्वात दिसते: कॉमिकेटमध्ये गिऱ्हाईक आणि यजमान असा भेद मानीत नाहीत, विकणारा, विकत घेणारा आणि स्वयंसेवक हे सारे सारखेच सहभागी. रात्रभर रांगेत मुक्काम करण्यास मनाई आहे, पाणी व क्षार सोबत आणण्याची सूचना वारंवार दिली जाते, आणि ती ऐकणारा माणूस स्वतःस पाहुणा समजत नाही. शिवाय सर्दी झाल्यास तोंडावर मास्क लावण्याची रीत त्या देशात १९१८ च्या फ्लूच्या साथीपासून रुजलेली होती, तिचा हुकूम काढावा लागला नाही.

अमेरिकेत या आजाराची पहिली ठळक नोंद झाली ती २००९ च्या सप्टेंबरात, सिअॅटल येथील पॅक्स या खेळांच्या भगिनी-मेळ्यात. त्या वर्षी एच१एन१ फ्लू नवा होता. मेळा उठल्यानंतर काही दिवसांतच आयोजकांनी होऊन जाहीर केले की आलेल्यांपैकी शंभराच्या आसपास लोकांना तो झाला आहे. ती कबुली धाडसाची होती आणि तिचा उपयोगही झाला. परंतु हात धुण्याच्या सूचनेपलीकडे फारसे काही टिकले नाही. सॅन डिएगोचे संमेलन १९९१ पासून नव्या कन्व्हेन्शन सेंटरात भरत होते, त्याची उपस्थिती सव्वा लाखाच्या वर गेली होती, आणि सहा हजारांवर माणसे मावणाऱ्या ‘हॉल एच’ मध्ये जागा मिळावी म्हणून लोक रात्रभर फुटपाथवर झोपत होते.

मग २०२० आले, आणि त्याबरोबर करोनाची साथ. मार्चच्या आरंभी शिकागोचे सी२ई२ संमेलन भरून गेले होते. सिअॅटलचे एमराल्ड सिटी कॉमिक कॉन मात्र, आपले गाळे रद्द करीत प्रकाशकांनी एकेक करून पाय मागे घेतल्यावर, ऐन तोंडावर ६ मार्च रोजी पुढे ढकलण्यात आले. कॉमिकेटचे मे महिन्यातील ९८ वे अधिवेशन रद्द झाले, सॅन डिएगोचेही पन्नास वर्षांत प्रथमच. त्याच वर्षी आपल्या आषाढीला संतांच्या पादुका मोजक्या लोकांसह एसटी बसने पंढरीस न्याव्या लागल्या होत्या. ज्यांनी ती वारी घरी बसून पाहिली त्यांना सॅन डिएगोच्या रिकाम्या सभागृहाचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही.

या प्रथेच्या इतिहासात सर्वांत मोलाचा दाखला मला नोव्हेंबर २०२१ च्या अॅनिमे एनवायसी या मेळ्याचा वाटतो. न्यूयॉर्कच्या जाव्हिट्स सेंटरमध्ये १९ ते २१ या तारखांना सुमारे ५३,००० लोक जमले. त्यातून मिनेसोटास परतलेला एक मनुष्य करोनाच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराने बाधित निघाला, आणि अमेरिकेत सापडलेल्या या प्रकारच्या अगदी पहिल्या रुग्णांत त्याची गणना झाली. सर्वत्र हाकाटी झाली की मेळ्याने देशभर रोग पसरविला. परंतु या खेपेस नोंदणीची वही हाताशी होती. आरोग्य खात्याने आलेल्यांपैकी हजारो लोकांशी संपर्क साधला. ४,५६० जणांचे तपासणीचे निकाल मिळाले, त्यांत बाधित निघाले ११९, म्हणजे शेकडा २.६. याउलट त्या पहिल्या रुग्णाबरोबर गेलेल्या चमूतील ज्या २३ जणांची तपासणी झाली त्यांपैकी १६ बाधित होते. सभागृहात हवा गाळणारी यंत्रणा चालू होती, लशीची किमान एक मात्रा घेतल्यावाचून प्रवेश नव्हता, मास्क सक्तीचा होता. जे आजारी पडले ते मेळ्याबाहेरच्या पानगृहांत, गाण्याच्या बैठकांत आणि बंद खोलीतील जेवणांत अधिक वेळा सामील झालेले आढळले. पन्नास वर्षे ज्या आजाराचे खापर दालनातील गर्दीवर फुटत होते, त्याचा मोठा वाटा रात्रीच्या बैठकांत आणि जेवणाच्या टेबलांवर असू शकतो, हे प्रथमच आकड्यांनिशी दिसले.

कॉमिकेट डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा भरले ते दिवसाला ५५,००० लोकांच्या मर्यादेने. सॅन डिएगो जुलै २०२२ मध्ये, लशीचा वा तपासणीचा दाखला आणि मास्क या अटींवर. त्या अटी पुढे उठल्या, आणि त्या कायम ठेवा असे माझे म्हणणे नाही. भारतात २०११ साली दिल्लीत पहिले कॉमिक कॉन भरले, नंतर मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथेही भरू लागले, आणि आपली तरुण मुले महिनोन्‌महिने खपून शिवलेले पोशाख घालून तेथे जातात; त्यांना जाऊ नका म्हणण्याचा अधिकार मला नाही, इच्छा तर मुळीच नाही. त्यांनी रांगेत मास्क लावावा, जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत, कारण ओकारी-जुलाबाच्या नोरोव्हायरसवर हाताला चोळण्याच्या जेलपेक्षा साबण-पाणी अधिक गुणकारी असते, आणि बाहेर जेवायचे तर उघड्यावर जेवावे. ताप आलेल्यास तिकिटाचे पैसे परत मिळावेत, म्हणजे त्यास घरी राहणे परवडेल. आणि आयोजकांनी आभाराचे पत्र धाडतात त्याच पत्त्यावर आठ-दहा दिवसांनी दुसरे पत्र धाडून विचारावे की कोणास ताप आला, कोणत्या दिवशी आला, ते कोणत्या दालनात सर्वाधिक वेळ होते, जेवले कोठे, खोलीत किती जण निजले होते. आणि ती उत्तरे पुढील वर्षाच्या जागेचा करार करण्यापूर्वी वाचावीत.