ज्यांची तिथीच माहीत नाही

ज्यू म्हटलं की आपल्याला लांबच्या देशातली माणसं वाटतात. पण आपल्या रायगडात ती शेकडो वर्षं राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. पेणकर, रोहेकर ही त्यांची आडनावं आपल्याच गावांवरून पडली, आणि घरची भाषा मराठी.

युरोपातल्या ज्यूंचे मात्र हाल झाले. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या राजवटीने सुमारे ६० लाख ज्यू मारले. एवढा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून आम्ही एकाच घराचं सांगतो.

आकाशवाणी सुरू होताना वाजणारी धून तुम्हां सगळ्यांच्या कानात आहे. ती वाल्टर कॉफमन यांनी बांधली असं मानतात. हे ज्यू संगीतकार १९३४ साली मुंबईत आले आणि पुढे आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागले. त्यांची पत्नी गेर्टी ही प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का यांची सख्खी भाची. गेर्टीची आई एली प्रागमध्येच राहिली. १९४१ च्या ऑक्टोबरात तिला पोलंडमधल्या लोज गावी, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत नेलं. मावशी वालीलाही तिथेच नेलं. दोघी परतल्या नाहीत.

धाकटी मावशी ओटला. तिचा नवरा ज्यू नव्हता, त्यामुळे तिला संरक्षण होतं. घटस्फोट झाला आणि तेही गेलं. तिला तेरेझीनच्या छावणीत टाकलं. १९४३ च्या ऑक्टोबरात तिथून हजाराहून अधिक पोरक्या मुलांना हलवायचं ठरलं, तेव्हा ती आपणहून त्यांच्या सोबतीला निघाली. गाडी गेली आउशविट्झला. मुलांसकट तिलाही मारलं. मागे तिच्या स्वतःच्या दोन मुली होत्या. (बायकांच्या धाडसाच्या गोष्टी सांगताना ओटलाचं नाव कुणी घेत नाही, हे आम्हांला खटकतं.)

एली आणि वाली नेमक्या कुठल्या दिवशी गेल्या, त्याची नोंद नाही. ज्यू लोक दरवर्षी मृत्यूच्या तिथीला दिवा लावतात, कद्दिश ही प्रार्थना म्हणतात. तिथीच नसेल तर? आपण सर्वपित्री अमावस्येला पान वाढतो. त्यांनीही युद्धानंतर एक दिवस ठरवला, तेवेत महिन्याची दशमी. ती डिसेंबर-जानेवारीत येते. तिथी माहीत नसलेल्यांसाठी त्या दिवशी कद्दिश म्हणतात.