चवदार तळे (महाड)

रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील महाड शहरातले जुने सार्वजनिक तळे. सावित्री व गांधारी नद्यांच्या संगमाजवळचे महाड हे पूर्वी बाणकोटच्या खाडीतून चालणाऱ्या व्यापाराचे बंदर होते. तळ्याचा विस्तार चार ते पाच एकर. ते मुख्यतः नैसर्गिक, काही अंशी मानवनिर्मित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते व त्यांपलीकडे बहुतांशी सवर्णांची, थोडी मुसलमानांची घरे होती. काठावरचे घाट व दगडी बांध पुष्कळदा या घरमालकांच्याच मालकीचे असत.

तळे कोणी व केव्हा बांधले, याचा पुरावा नाही. पुढे या तळ्यावरून झालेल्या दाव्याच्या वेळी ते किमान अडीचशे वर्षांचे होते, एवढेच त्यातील उभय पक्षांना मान्य होते. एरवी किरकोळ वाटणाऱ्या या अज्ञानाला महाडमध्ये कायद्याचे वजन आले.

मुंबई कायदे मंडळाने १९२३ साली सी. के. बोले यांचा ठराव संमत करून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला; पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडमधील अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले लोक मिरवणुकीने तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी दही, दूध, शेण व गोमूत्र घातलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात रिकाम्या करून ते ‘शुद्ध’ केले. आधी ते पवित्र मानले जात होते की नाही, हे ठाऊक नसले तरी शुद्धीचा विधी मात्र बारकाईने पार पडला.

डिसेंबर १९२७ मध्ये नरहरी दामोदर वैद्य आदी सवर्णांनी आंबेडकर व इतरांविरुद्ध दिवाणी दावा लावून तळ्यावर मालकी सांगितली. शिवाय अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची रूढी अनादी असल्याचे म्हटले. मनाई हुकूम मिळाला, पुढे तो उठलाही. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात वादींचे अपील न्या. ब्रूमफील्ड व न्या. एन. जे. वाडिया यांच्यापुढे आले. (याच ब्रूमफील्ड यांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावली होती.) तळे नगरपालिकेकडे निहित असल्याने मालकीचा दावा टिकला नाही. रूढीचा मुद्दा तळ्याच्या वयापाशी अडला. अलीकडची वहिवाट साक्षीदारांनी सांगितली, तरी तीवरून रूढी अनादी ठरत नव्हती. एवढा मोठा, उघडा जलाशय काठावर सवर्णांची घरे होण्यापूर्वी कोणी राखून ठेवला असेल का, याविषयीच ब्रूमफील्ड यांनी शंका व्यक्त केली. ज्या प्राचीनतेच्या आधारावर हक्क मागितला, ती वादींनाच सिद्ध करता आली नाही.

१७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले गेले. अशी रूढी सिद्ध झाली असती तर ती वाजवी ठरली असती की लोकहिताविरुद्ध, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरज पडली नाही.