गोटमार

लूटमार, उपासमार यांच्या पंक्तीतला ‘गोटमार’ हा शब्द नकाशावर एकाच ठिकाणी ठळक दिसतो: मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात. फोड सोपी आहे, गोटा अधिक मार. दगड कसलाही असतो. गोटा मात्र पाण्याने घासून गुळगुळीत झालेला, मुठीत नेमका बसणारा. खेळायची गोटी आणि खोबऱ्याचा गोटा त्याच गोल कुळातले. ‘विरोधकांच्या गोटात’ म्हणतो तो गोट मात्र वेगळा, छावणीचा.

गोटमारीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावर सावरगाव उभे ठाकते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, आणि तो काढायला धावणाऱ्यांवर गोट्यांचा वर्षाव होतो. आख्यायिका अशी की पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावच्या मुलीला पळवून नेले, दोघे नदीत असतानाच दोन्हीकडून दगड आले आणि दोघेही तिथेच मेले. वैऱ्यांच्या गावांत जुळलेले प्रेम गावांनीच मारले. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि दोन्ही गावे तिथे एकत्र हात जोडतात.

या खेळात माणसे दगावली आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. ते चालले नाहीत. आता गोटे नदीतच राहू द्यावेत. पळस, झेंडा आणि चंडीमातेचे देऊळ एवढ्यावरही त्या दोघांची आठवण राहील.