सह्यांच्या लग्नाची कुळकथा

‘रजिस्टर झालंय, लग्न डिसेंबरात पुण्याला आहे.’ लंडन, स्लाऊ, लेस्टरकडच्या मराठी घरांत हे वाक्य सहज कानावर पडतं. कायद्याच्या लेखी दोघं नवरा-बायको झालेली असतात. घराच्या लेखी अंतरपाट धरायचा अजून बाकी असतो. रजिस्ट्रारसमोरचं लग्न खरं लग्न का, ही शंका मात्र आपण इथून तिकडे नेलेली नाही. ब्रिटनमध्ये ती फार जुनी आहे, आणि हे लग्न तिथे मागून घेतलं ते देवाधर्माला मानणाऱ्या माणसांनीच.

क्रॉमवेलच्या काळात, १६५३ साली, इंग्लंडमध्ये लग्नं चर्चमधून काढून न्यायाधिकाऱ्याकडे दिली गेली होती. १६६० मध्ये राजेशाही परतली आणि तो प्रयोग संपला. पुढे चोरून होणाऱ्या लग्नांना आळा घालण्यासाठी लॉर्ड हार्डविक यांचा १७५३ चा कायदा आला. त्यानंतर लग्न कायदेशीर हवं तर ते अँग्लिकन चर्चमध्येच लावावं लागे. सूट फक्त क्वेकर आणि ज्यू यांना होती. कॅथलिक, बॅप्टिस्ट, युनिटेरियन यांनी काय करायचं? ज्या ख्रिस्ती त्रैक्यावर युनिटेरियनांचा विश्वासच नव्हता, त्याच्या नावानं त्यांना शपथ घ्यावी लागे. आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या वचनाच्या क्षणी खोटं बोलायला लावणारा हा कायदा होता. काही जोडप्यांनी तर भर लग्नातच पाद्र्याच्या हाती लेखी निषेध ठेवला.

अशा लोकांच्या रेट्यातून १८३६ चा विवाह कायदा झाला आणि १ जुलै १८३७ पासून अमलात आला. नोंदणीकृत प्रार्थनास्थळात आपल्या पद्धतीनं लग्न लावायची मोकळीक मिळाली. तेही नको असेल, तर रजिस्ट्रारचं कार्यालय खुलं झालं.

पण या नव्या लग्नाचा संसार मांडला गेला तो गरिबांच्या कायद्याच्या ओसरीवर. नोंदणीचे जिल्हे आखले ते गरीब-मदतीच्या विभागांवरूनच. लग्नाची नोटीस त्या विभागांचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या साप्ताहिक बैठकीत तीनदा वाचली जाई. एकीकडे निराधारांचे अर्ज, आणि त्यांच्यामध्येच कुणाच्या तरी लग्नाची नोटीस! नोंदणी विवाहाला चिकटलेला हलकेपणाचा डाग मला वाटतं इथला आहे. नोटीस वाचण्याची ही रीत १८५६ मध्ये गेली. पण त्याच वर्षी नोंदणी कार्यालयातल्या लग्नात धार्मिक विधीला बंदी आली, ती आजही आहे. म्हणून तिथे मंगलाष्टकं म्हणता येत नाहीत.

नोंदवहीचे रकाने पाहण्यासारखे आहेत: नाव, वय, व्यवसाय, पत्ता, वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय. आईला रकानाच नव्हता. ती जागा मिळायला ४ मे २०२१ उजाडावा लागला.

भारतात याच राज्यकर्त्यांनी १८७२ साली नोंदणी विवाहाचा कायदा आणला. त्यात वधूवरांना आपण हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन, ज्यू यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असं लिहून द्यावं लागे. तिकडे ज्यानं श्रद्धेची बूज राखली, त्याच लग्नानं इकडे श्रद्धा सोडायला सांगितली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं ही अट पुरती काढली, तरी ‘रजिस्टर म्हणजे धर्माबाहेरचं’ ही भीती आपल्या घरांत पुढे कितीतरी वर्षं रेंगाळली.

ब्रिटनमध्ये तर राजघराण्यालाही ‘हे लग्न खरं का’ या शंकेनं सोडलं नाही. १८३६ चा कायदा राजघराण्यातल्या लग्नांना लागू नव्हता. त्यामुळे २००५ मध्ये युवराज चार्ल्स आणि कॅमिला यांचं नोंदणी लग्न ठरताच ते वैध आहे का, असा वाद उठला. सरकारनं ते वैध असल्याचं सांगितलं. आलेल्या हरकती महानिबंधकांनी फेटाळल्या. विंडसरच्या किल्ल्याला परवाना घेतला तर तो इतरांच्या लग्नांनाही खुला करावा लागला असता, म्हणून ९ एप्रिलला लग्न झालं ते गावातल्या गिल्डहॉलमध्ये. तेव्हाच्या राणी, म्हणजे चार्ल्स यांच्या आई, तिथे गेल्या नाहीत. नंतरच्या चर्चमधल्या आशीर्वादाला मात्र गेल्या.

न्यायालयानं या दुहेरी भावनेची कदर केलेली आहे. ‘कौर विरुद्ध सिंग’ या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालातलं शीख जोडपं रजिस्टर करून वेगळं राहत होतं; गुरुद्वारातल्या विधीनंतर संसार सुरू व्हायचा होता. नवऱ्यानं तो विधी करायचंच नाकारलं. नोंदणीचं लग्न झालेलं आहे हे मानूनच न्यायालयानं ते रद्द केलं, कारण विधी नाकारणं म्हणजे संसारच नाकारणं, असं त्यानं धरलं.

खरा धोका उलट बाजूला आहे. २०२० मध्ये अख्तर प्रकरणात अपील न्यायालयानं सांगितलं, की कायद्याबाहेर झालेला नुसता निकाह हा रद्दबातल विवाहसुद्धा ठरत नाही. इंग्लंडमध्ये भाड्याच्या हॉलमध्ये सप्तपदी झाली, तीनशे माणसं जेवून गेली, पण रजिस्टर करायचं राहिलं, तर हिंदू बाईचीही गत तीच. घर नवऱ्याच्या नावावर असेल, तर घटस्फोटात मिळणारे आर्थिक हक्क तिला मागताच येत नाहीत. इमारतीऐवजी लग्न लावणाऱ्या व्यक्तीला मान्यता द्या, अशी शिफारस लॉ कमिशननं २०२२ मध्ये केली आहे. तसं झालं तर हॉलमध्ये लग्न लावणाऱ्या भटजींनाही कायद्यात जागा मिळू शकेल. तोवर इंग्लंडमधल्या मांडवाआधी रजिस्ट्रारची वेळ घ्यायलाच हवी, आणि तीही नोटीस देऊन अठ्ठावीस दिवस थांबल्यावर.