हिरवळीवरचें टेनिस

इ. स. १९३४ सालीं विंबल्डनच्या हिरवळीवर मुंबईच्या लीला राव ह्यांनीं पहिल्या फेरींत ग्लॅडिस साउथवेल ह्या खेळाडूस हरविलें. विंबल्डनला सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. अथर्ववेदाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित हे त्यांचे आजोबा, आणि संस्कृत कवयित्री क्षमाबाई राव ह्या मातोश्री. क्षमाबाई स्वतः टेनिसहि उत्तम खेळत, हें त्यांच्या काव्याच्या वाचकांना पुष्कळदां ठाऊक नसतें.

दुसऱ्या फेरींत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडामॉफपुढें लीलाबाईंना हार पत्करावी लागली. १९३५ सालीं त्या पुन्हा गेल्या, त्या वेळीं पहिल्याच फेरींत परतल्या. राष्ट्रीय अजिंक्यपद अनेकवार मिळविणाऱ्या खेळाडूलाहि तेथें एक विजय इतका दुर्मिळ कां व्हावा? प्रतिस्पर्धी बलाढ्य होते हें खरेंच. पण तेथील जमीन हीहि एक प्रतिस्पर्धीच होय.

कलकत्त्याच्या साउथ क्लबसारखीं हिरवळीचीं मैदानें आपल्याकडे होतीं, तरी बहुतेक खेळाडू मातीच्या, क्वचित् शेणानें सारवलेल्या मैदानावर वाढत. मातीवर चेंडू टप्पा घेऊन उसळतो व मंदावतो. मागें उभें राहून वाट पाहावयास सवड सांपडते. हिरवळ ही सवड देत नाहीं. चेंडू घसरत, खालून येतो, आणि गवत झिजलेल्या जागीं पडला तर भलतीकडेच वळतो. म्हणून हात मागें फार न नेतां फटका आटोपता मारावा लागतो, पावलें लहान टाकावीं लागतात. चेंडूचा टप्पाच पडूं द्यावयाचा नाहीं, जाळ्याजवळ धांवून तो अधांतरींच परतवावयाचा, हा जुना राजमार्ग. खालून कापून मारलेला फटका मातीवर बिचारा उभा राहतो. हिरवळीवर तोच प्रतिस्पर्ध्याच्या पायांशीं सरपटतो. गुडघे वांकविण्याचा ज्याला कंटाळा, त्यानें हिरवळीच्या वाटेस जाऊं नये.

बाहुबळच हवें असें मात्र नव्हे. १९३९ सालीं गौस महंमद उपउपांत्य फेरीपर्यंत पोंचले. त्यांना हरविणारा बॉबी रिग्ज त्या वर्षींचा विजेता ठरला. मद्रासचे रामनाथन् कृष्णन् ह्यांची सर्व्हिस तर सौम्यच. तरीहि हलका हात व अचूक नजर ह्यांच्या बळावर १९६० आणि १९६१ अशीं लागोपाठ दोन वर्षें त्यांनीं उपांत्य फेरी गांठली. दोन्ही वेळां त्यांना हरविणारे, नील फ्रेझर व रॉड लेव्हर, हेच पुढें अजिंक्य ठरले.

पुढें खुद्द हिरवळच बदलली. २००१ पासून विंबल्डनला केवळ राय जातीचें गवत पेरूं लागले. त्यापूर्वीं त्यांत फेस्क्यूचें मिश्रण असे. जमीन घट्ट झाली, टप्पा उंच येऊं लागला, आणि मागच्या रेषेवरून खेळणाऱ्यांचें फावलें. जुन्या छायाचित्रांत गवत जाळ्यापर्यंत झिजलेलें दिसतें. अलीकडच्या छायाचित्रांत जाळ्याजवळ तें हिरवेंगार असून मागच्या रेषेपाशींच तेवढी माती उघडी पडलेली असते.