व्यक्तिगत संगणक, उद्योगधंद्यांतील प्रारंभीचा वापर
एकाच व्यक्तीने आपल्या मेजावर वापरावयाच्या, सूक्ष्मप्रक्रियकावर (सिलिकॉनच्या लहानशा तुकड्यावर सामावलेल्या गणन विभागावर) आधारलेल्या लहान संगणकास व्यक्तिगत संगणक म्हणतात. अमेरिकेत १९७५ साली निघालेला अल्टेअर ८८०० हा सुट्या भागांच्या संचाच्या रूपात मिळणारा संगणक हौशी लोकांसाठी होता. त्याची मूळ स्मृती अवघी २५६ बाइट होती. १९७७ मध्ये अ‍ॅपल–२, कमोडोर पेट व टीआरएस–८० ही जोडून तयार केलेली यंत्रे आली, तरी अनेक उद्योगसंस्था त्यांना खेळणीच समजत.

हा समज पालटण्यास मुख्यतः एक आज्ञावली कारणीभूत झाली. हार्व्हर्ड बिझनेस स्कूलचे विद्यार्थी डॅन ब्रिक्लिन यांनी तिची कल्पना मांडली व बॉब फ्रँक्स्टन यांच्या साह्याने ती सिद्ध केली. १९७९ मध्ये ती व्हिझिकॅल्क या नावाने अ‍ॅपल–२ साठी विक्रीस आली. तिच्यात ६३ स्तंभ व २५४ ओळींपर्यंतचे कोष्टक मांडता येई. चौकटीत संख्येऐवजी सूत्रही लिहिता येई. त्यामुळे कच्च्या मालाच्या दरासारखी एक संख्या बदलली की तिच्यावर अवलंबून असलेले सर्व आकडे लगेच नव्याने मिळत. हेच अंदाजपत्रक हाताने करताना एका बदलापायी सारा तक्ता खोडून पुन्हा लिहावा लागे, आणि मोठ्या संगणकाकडे सोपवावे, तर संगणक विभागाच्या सवडीची वाट पाहावी लागे. आता दर वाढल्यास काय होईल, हे खातेप्रमुखाला स्वतःच पाहता येऊ लागले. केवळ या आज्ञावलीसाठी यंत्र विकत घेणारेही निघाले. मात्र सूत्र चुकले, तरी कोष्टक नेटकेच दिसे आणि दुसऱ्या कोणी ते तपासण्याची सोय सहसा नसे.

चाचणी विभाग व प्रयोगशाळा यांना पेट अधिक सोयीचा होता. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीने विकसित केलेली व १९७५ मध्ये आयईईई–४८८ या नावाने प्रमाणित झालेली जोडणी त्यात असल्याने मापन उपकरणांतील वाचने थेट संगणकात घेता येत.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा व्यक्तिगत संगणक आला. १९८३ मध्ये त्यासाठी निघालेल्या लोटस १-२-३ या आज्ञावलीने व्हिझिकॅल्कला मागे टाकले. १९८५ मध्ये ब्रिक्लिन व फ्रँक्स्टन यांची संस्था लोटसनेच विकत घेतली व व्हिझिकॅल्कची विक्री बंद केली. आज्ञावलीवर एकस्व मिळणे त्या काळी दुरापास्त मानले जाई. त्यामुळे दोघांनी ते घेतलेले नव्हते.